काट्यावर तोललेली सिगार

आमचे घरमालक आप्पा यांना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. त्यानिमित्त त्यांचा विट्यातला पुतण्या एक स्मरणपुस्तिका काढतो आहे. तिचा कच्चा मजकूर त्याने मला मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिले, 'काका, काही राहिले असेल तर सांगा.' राहिलेले पुष्कळ आहे. पण त्याआधी, जे आले आहे त्यातलेच बरेचसे काढून टाकण्याच्या लायकीचे आहे. चार जणांनी आठवणी लिहिल्या आहेत. त्या चौघांपैकी एकही त्या घरात राहिलेला नाही. मी अकरा वर्षे राहिलो. खाली ते, वर मी, मध्ये लाकडी जिना आणि त्या जिन्यातून वर येणारा देवदाराचा वास. तेव्हा या विषयात माझा शब्द अखेरचा मानला जावा, अशी माझी अपेक्षा आहे आणि ती अवाजवी नाही.

एकाने लिहिले आहे की आप्पा सिगारीचे गुलाम होते. दुसऱ्याने लिहिले आहे की पितृपक्षासारख्या दिवसांतही त्यांना तोंडातला धूर सोडवला नाही. तिसऱ्याने लिहिले आहे की अखेरीस त्यांना विस्मरणाने ग्रासले आणि जिवापाड जपलेली सिगारची पेटीसुद्धा ते पाणी घालून विसरले, तिला बुरशी आली. चौथ्याने कविता केली आहे; तिच्याबद्दल बोलण्याचे कारण नाही.

तिसऱ्या विधानाकडे मी शेवटी येईन.

विट्याकडचे पुष्कळ लोक गलाईच्या धंद्यात आहेत. सोने गाळून शुद्ध करण्याचे हे काम करायला इकडची माणसे पार दक्षिणेपर्यंत गेली. आप्पांनी तिरुचिरापल्लीला तीस वर्षांवर दुकान चालवले. मुले हाताशी आल्यावर दुकान त्यांच्यावर सोपवून ते आणि त्यांची पत्नी, आमच्या वहिनी, विट्याला परत आले. तिकडून त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या. काचेच्या पेटीतला पितळी काटा, सिगारींनी भरलेली देवदाराची पेटी, आणि 'पोदुम' हा एक तमिळ शब्द. पोदुम म्हणजे पुरे. वाढणाऱ्याने ताटावर डाव धरला की पोदुम, पाहुण्याने स्वतःची फुशारकी सुरू केली की पोदुम, काट्याची दोन्ही पारडी एका रेषेत आली की डोळे मिटून, समाधानाने, पोदुम.

मी तेव्हा तिथल्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. खोली पाहायला गेलो त्या दिवशी हे गृहस्थ पडवीत बसून एका पारड्यात सिगार आणि दुसऱ्यात बारीक वजने टाकत होते. मला वाटले, माणूस विकायला बसला आहे.

"विकता का?" मी विचारले.

"विकत न्हाई. हिला तहान लागलीया का बघतोय." त्यांनी मान वर न करताच सांगितले. "तुमी मास्तर का?"

"प्राध्यापक."

"तेच की. शिकिवणारा त्यो मास्तर. वरची खोली रिकामी हाय. मासळी शिजवायची न्हाई, वास लागतो पानाला."

सिगारीच्या पानात ओलावा किती असावा, हा त्यांच्या आयुष्यातला कायमचा प्रश्न होता. तिरुचीत हवाच दमट. तिथे पान आपोआप मऊ राही. विट्याची हवा कोरडी. उघडी ठेवलेली सिगार आठ दिवसांत तडकते. "सुकी पेटवली तर जिभंला चावती, वली पेटवली तर एका अंगानं जळती आन दुसऱ्या अंगानं रुसती," असे ते म्हणत. म्हणून पेटीच्या वरच्या कप्प्यात माठाच्या खापराचा एक तुकडा ठेवलेला असे. तो पाण्यात भिजवायचा, निथळायचा, फडक्याने पुसायचा आणि मगच आत ठेवायचा. पाणीही बोअरचे चालत नसे, कारण ते खारे. मोटारीच्या बॅटरीत घालतात ते पाणी ते बाटलीने आणत. शेजारी हसत. "आप्पाची बॅटरी उतरली वाटतं," असे रस्त्यावरून ओरडत. आप्पा पडवीतून उत्तर देत, "तुमची कवा चढलीवती रं?"

त्यांची परीक्षा दोन टप्प्यांची असे. आधी सिगार कानाशी धरून अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलकेच दाबायची. कुरकुरली तर कोरडी. गप्प राहिली आणि दाबल्या जागी खळगा राहिला तर ओली. कानाच्या पाळीसारखी लागली तर जमली. हा झाला अंदाज. निकाल काट्यावर. प्रत्येक सिगारीचे वजन त्यांना पाठ होते आणि गुंजेच्या फरकावर ते खापरी आत-बाहेर करत. रविवारी पेटवायची ती सिगार आदल्या सकाळी पेटीतून काढून पितळी ताटलीत उघड्यावर ठेवत, म्हणजे वरचा दमटपणा उडून जाई. दुसऱ्या दिवशी ती बरोबर एक गुंज हलकी भरली तरच काडी लावायची. नाही भरली तर त्या आठवड्याची सिगार नाही. असे कित्येक रविवार त्यांनी धुराशिवाय काढलेले मी पाहिले आहेत. हा गुलाम म्हणे!

हा सारा खटाटोप मला अशास्त्रीय वाटे. प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला एक आर्द्रतामापक मी दुरुस्त करून घेतला होता. ताणलेल्या केसाच्या लांबीवर चालणारे ते उपकरण. हवेतला दमटपणा वाढला की सुई उजवीकडे सरकते. ते तपासण्याची रीतही मला माहीत होती. बाटलीच्या झाकणात ओले मीठ घ्यायचे, ते आणि उपकरण एका बंद डब्यात काही तास ठेवायचे, आणि सुई पंच्याहत्तरवर येते का पाहायचे. मी ती परीक्षा आप्पांसमोर घेतली. सुई पंच्याहत्तरवर येऊन थांबली. मी विजयी मुद्रेने पाहिले.

"झ्याक हाय तुमचं घड्याळ," ते म्हणाले. "पर ते हवंचं सांगतंय. पानाचं पान सांगंल."

"हवेचे कळले की पानाचे कळते, आप्पा. हा नियम आहे."

आतून वहिनी म्हणाल्या, "आवं प्राध्यापक, तुमच्या घड्याळाला एवढं इचारा, ह्यांचा रुसवा कवा उतरतोय. दोन दिस झालं, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलंना झाल्यात."

वहिनींविषयी पुस्तिकेत एक ओळही नाही. वास्तविक त्यांच्यावाचून आप्पांची सिगार समजणे अशक्य आहे. तिरुचीत लग्न होऊन गेल्या तेव्हा त्यांना तिथली भाषा येत नव्हती. नवरा दिवसभर भट्टीपाशी. शेजारच्या घरी बायका सिगारी वळायच्या. वहिनी आधी दारात उभ्या राहून पाहू लागल्या, मग आत जाऊन बसू लागल्या. भाषेच्या आधी त्यांना पान वळायला आले. आप्पा आयुष्यभर ज्या सिगारी ओढत आले त्या त्यांच्या बायकोच्या हातच्या होत्या. ओढणाऱ्या टोकाला पानाची टोपी चिकटवताना त्या अंगठा किंचित तिरका दाबत. त्यामुळे प्रत्येक टोपीवर एक बारीक तिरपी खूण उठे. विकत आणलेली सिगार आप्पांनी ओढलेली मी पाहिली नाही. कोणी भेट दिली तर ते ती कानाशी धरून दाबत आणि परत करत. "बोलत न्हाई ही माझ्याशी," एवढेच म्हणत.

मुले तिकडून पान पाठवत, वहिनी विट्यात पडवीत बसून वळत. माझ्या वास्तव्याच्या नवव्या वर्षी त्या आजारी पडल्या. अंथरुणाला खिळण्यापूर्वी घरात उरले होते तेवढे पान त्यांनी संपवले. एकवीस सिगारी झाल्या. आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून त्यांनी त्या त्यात गुंडाळल्या आणि पेटीच्या तळाशी ठेवल्या. "पान संपलं," त्या म्हणाल्या. त्यानंतर दीड महिन्याने वहिनी गेल्या.

आता दुसऱ्या विधानाचे बघू. नवऱ्यामागे न राहता आधी गेलेल्या बाईचे श्राद्ध पितृपक्षातल्या अविधवा नवमीला होते. आप्पा त्या दिवशी रीतसर सारे करत. सवाष्ण जेवून गेली, पान वाढून झाले, की दुपारी मागच्या पडवीत बसून लुगड्याच्या तुकड्यातली एक सिगार पेटवत. वर्षातून तेवढी एकच. बाकी ओढणे त्यांनी वहिनी गेल्या त्याच दिवशी सोडले होते. अष्टमीला सकाळी ती ताटलीत काढायची, तीनदा तोलायची, नवमीला गुंज उतरली की पेटवायची. आश्चर्य असे की पुढच्या चौदा वर्षांत एकदाही वजन चुकले नाही. वर्षभर ते त्या एका दिवसासाठी खापरी सांभाळत. ज्यांना यात पितृपक्षाचा अपमान दिसला, त्यांनी आपल्या घरच्या श्राद्धाला इतकी तयारी कधी केली होती, हे मला एकदा सांगावे.

निवृत्तीनंतर मी सातारला राहायला आलो. नवमीला मात्र विट्याला जात असे. समोर बसायचे, बोलायचे नाही, असा करार होता. एका नवमीला राख झाडता झाडता ते म्हणाले, "सात ऱ्हायल्या. सात वर्सं लय झाली मला. पोदुम."

त्याच्या पुढच्या आषाढात ते पडले. खुब्याचे हाड मोडले, मिरजेला शस्त्रक्रिया ठरली. धाकटा मुलगा तिरुचीहून आला. दीड महिना घर बंद राहणार होते. आप्पांनी पेटी आणि काटा दोन्ही पुतण्याबरोबर सातारला माझ्याकडे पाठवले आणि दवाखान्यातून फोन केला.

"मास्तर, एकाआड एक दिस काट्यावर घालायच्या. वजनं चिठ्ठीवर लिवल्यात. वजन चढलं का खापरी भाईर काढायची. उतरलं तर दोन थेंब. बाकी काय न्हाई."

"काळजी करू नका. माझ्याकडे आर्द्रतामापक आहे."

"ते असू द्या. पर काट्यावर घाला."

मी घातल्या नाहीत. काट्याची पेटी जाड सुतळीने बांधलेली होती. वर गलाईवाल्यांची ती विशिष्ट दुपेडी गाठ. मी ती सोडलीच नाही. वजन करायचे तर वहिनींच्या लुगड्याचा तुकडा उलगडावा लागला असता, आणि परक्या माणसाने तो उलगडणे मला बरे वाटले नाही. ही सबब खोटी नाही. पण ती दुसरी सबब आहे. पहिली अशी की, अकरा वर्षे त्या माणसाने माझ्या शास्त्राला घड्याळ म्हटले होते. मी आर्द्रतामापक पेटीच्या वरच्या कप्प्यात ठेवला. सुई साठच्याही खाली दाखवू लागली. हवा कोरडी आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि खापरी भिजवली. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा भिजवली.

आषाढातला सातारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वाचून हसू येईल. काडेपेटीची काडी ओढली की तिच्या टोकाचा ओला गूळ होत होता. माझी पत्नी एकदा मिठाची बरणी हातात घेऊन बाहेर आली. "अहो, मिठाला पाणी सुटलंय, आणि तुम्ही त्या पेटीत पाणी कसलं घालताय?"

"पेटीतली हवा आणि स्वयंपाकघरातली हवा एक नव्हे," मी म्हणालो. असे मी म्हणालो. पदार्थविज्ञानाची सत्तावीस वर्षे माझ्या पाठीशी होती.

श्रावणाच्या अखेरीस आप्पा घरी आले. पेटी आणि काटा घेऊन मी एसटीने विट्याला गेलो. पेटी सबंध वाटभर मांडीवर होती. आप्पा कॉटवर बसले होते, शेजारी वॉकर. मुलगा, पुतण्या, समोरचे दोघे-तिघे, सगळे भेटायला जमलेले. त्यांनी पेटी उघडली. देवदाराचा वास आला नाही. पावसात भिजलेल्या पोत्याचा आला. त्यांनी लुगड्याचा तुकडा उलगडला. सातही सिगारी फुगून वरचे पान उभे फाटले होते आणि त्यांवर पांढरी, कुठे कुठे हिरवट लव उगवली होती. टोप्या सुटल्या होत्या. ती तिरपी खूण एकीवरही राहिली नव्हती.

आप्पांनी सिगारींकडे फार वेळ पाहिले नाही. त्यांची नजर माझ्या पायाशी ठेवलेल्या काट्याच्या पेटीकडे गेली. सुतळी, तिच्यावर त्यांच्याच हातची गाठ, जशीच्या तशी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आप्पा, हे कसं झालं वो?" मुलाने विचारले.

"माझंच चुकलं," आप्पा म्हणाले. "मिरजंला जायच्या गडबडीत खापरी निथळायची इसरलो. वलीच ठिवली आन दिली धाडून. मास्तर काय करणार त्यात?"

त्या खोलीत एक वाक्य बोलायचे माझ्याकडे होते. 'नाही, पाणी मी घातले.' चार शब्द. मी चहाचा कप उचलला.

"इसरलात? ह्या पेटीचं इसरलात?" मुलगा त्यांच्याजवळ सरकला. पुतण्या म्हणाला, "दादा, उन्हाळ्यात एकदा गॅसबी चालूच ऱ्हायलावता." समोरच्यांनी आणखी एक आठवण काढली. माझा चहा संपेपर्यंत त्या सगळ्यांच्या बोलण्यातून आप्पांना विस्मरण जडले होते. निघताना मुलाने मला दाराशी गाठले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, पायाचं आमी बघून घेतलं असतं, बाई ठेवली असती. पर डोकंच चालंना तर एकटं कसं ठेवायचं? दसरा झाला का तिकडंच नेतो." मी मान हलवली.

भाद्रपदात नवमीला त्यांचा फोन आला. "या की. ही हितली शेवटचीच हाय."

मी गेलो. पडवीत काटा मांडलेला होता. सातही सिगारी त्यांनी उलगडून पाने उन्हात वाळवली होती. बुरशी न लागलेले पान आतल्या भागात थोडे निघाले. तेवढ्याची करंगळीएवढी एक सिगार त्यांनी स्वतः वळली होती. ती वाकडी झाली होती.

"वळ माझी हाय," ते म्हणाले. "पान तेवढं तिचं."

"आप्पा, मी मुलाशी बोलतो. खरे काय ते सांगतो."

"काय सांगताय? त्यो न्यायलाच आलाय, मास्तर. ही पेटी नसती तर दुसरं कायतरी सापडलं असतं. उगं तुमचं नाव कशाला त्यात?"

"पण विसरलात असे सगळे म्हणतात..."

"गप बसा. आज तिचा दिस हाय."

त्यांनी ती सिगार पारड्यात ठेवली. ताटलीत चोवीस तास राहूनही ती एक गुंज काही उतरली नव्हती, अर्धीच उतरली होती. चौदा वर्षांत प्रथमच वजन चुकले होते. त्यांनी वजनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तरीही काडी ओढली. ती एका अंगाने जळू लागली. दोनदा विझली. दुसऱ्यांदा विझल्यावर त्यांनी ती ताटलीत ठेवली आणि डोळे न मिटता म्हणाले, "पोदुम."

दसऱ्यानंतर ते तिरुचीला गेले. ज्या गावातून माणूस हौसेने परत आला होता, त्याच गावी त्याला विसरभोळा म्हणून परत नेले. तिथे त्यांना एकटे बाहेर सोडत नसत, असे पुतण्याने सांगितले. फोनवर ते मला साताऱ्याचा पाऊस विचारत, माझ्या पत्नीच्या गुडघ्यांविषयी विचारत, मागच्या वेळचे बोलणे जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करत. एकदाही विसरले नाहीत. दोन वर्षांनी ते तिथेच गेले.

'दुसरं कायतरी सापडलं असतं' हे वाक्य मी इतके दिवस औषधासारखे घेत आलो. आज सांगतो की ते खोटे आहे. मुलगा माझ्याजवळ काय म्हणाला ते मी वर लिहिले आहे. पायासाठी तो बाई ठेवायला तयार होता. आप्पांनी माझ्या अब्रूवर पांघरूण घातले आणि त्याखाली त्यांचे स्वतःचे घर गेले. हे त्यांना दसऱ्याआधीच कळले असणार. गुंजेचा फरक ओळखणाऱ्याला एवढे न कळायला काय झाले? मला कळत होते, आणि मी प्राध्यापक होतो.

गेल्या दिवाळीत पुतण्याने तिरुचीहून आलेली काट्याची पेटी मला आणून दिली. आप्पांनीच मला द्यायला सांगितली होती. सुतळी तीच, गाठ तीच. या वेळी मी ती सोडली. मग माळ्यावरचा आर्द्रतामापक काढला, झाकणात ओले मीठ घेतले आणि दोन्ही डब्यात बंद करून रात्रभर ठेवले. सुई पंच्याहत्तरवर यायला हवी होती. ती सत्तावन्नवर थांबली. केस कधीचा आखडून बसला होता. एकदा तपासले म्हणून मी पुन्हा कधी तपासले नव्हते. पत्नीने डब्यात डोकावून पाहिले आणि मिठाची बरणी परत नेली.

पुतण्यास माझे सांगणे एवढेच. पहिला लेख आणि दुसरा लेख हवे तर राहू द्या, लोक मूर्ख असतात हे वाचकांना ठाऊक आहे. कविताही राहू द्या. तिसऱ्या लेखातले विस्मरणाचे वाक्य मात्र दुरुस्त करा. पेटीत पाणी घालून विसरणारा माणूस आप्पा नव्हते. तिथे माझे नाव छापा, आणि छापून झाले की पहिली प्रत तिरुचीला मुलाकडे पाठवा.